दोनदा वाचलेलं नाव

पाद्री पापा-स्टेलिओसनं नाव दोनदा वाचलं, यात फालित्साला तिळमात्र शंका नव्हती.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. मोठ्या उपासाच्या तोंडावर ओळीनं तीन शनिवार मेलेल्यांची नावं वाचतात, त्यातला हा पहिला, आणि गारुफालिया हे नाव दर वेळी एकदा येतंच. ते तिच्या आजीचं. नातीला आजीचं नाव ठेवायचं ही रीतच, त्यामुळे वरच्या पिर्गोस गावात जो तो कुणा ना कुणा मेलेल्याचं नाव अंगावर घालून हिंडत असतो, थोरल्याचा कोट धाकट्यानं वापरावा तसा. आडनाव पाद्री वाचत नाही. देवाला आडनावं लागत नाहीत. आजीचं नाव आलं, फालित्सानं छातीवर क्रूस काढला आणि ती मेणबत्तीची ज्योत बघत राहिली.

मग थेक्ला, आनेस्तिस, पोलिक्सेनी अशी नावं गेली, आणि पुन्हा आलं. गारुफालिया.

तिचा हात कपाळापाशीच थांबला.

गावात तिला सगळे फालित्सा म्हणत. पूर्ण नाव घेणारे तिघंच. एक चर्च, दुसरा डॉक्टरांचा कागद आणि तिसरे 'ते'. बाविसाव्या वर्षी 'ते' पहिल्यांदा बोलले तेव्हा कचेरीतल्या कारकुनानं पुकारावं तसं पूर्ण नाव घेऊनच बोलले होते. त्यांच्यापायी समुद्रापलीकडच्या मोठ्या इस्पितळात अकरा वर्षं गेली. मग भाऊ आर्गिरिस आला, म्हणाला, "चल घरी. खोली रंगवलीय." त्यालाही आता चौतीस वर्षं झाली. भावाला जाऊन सहा. तिला सदुसष्टावं लागलं होतं, खालचे दात गेले होते, हात सारखे थरथरत आणि 'ते'सुद्धा म्हातारे झाले होते. त्यांचे आवाज घोगरे झाले. काही तर अथेन्सला गेलेल्या गावकऱ्यांसारखे गेले ते परतलेच नाहीत. कधी कधी तिला त्यांच्यावाचून घर रिकामं वाटे, पण हे ती कुणाला सांगत नसे.

आणि आज भरल्या चर्चमध्ये, उजेडात, पाद्र्याच्या तोंडून नाव दोनदा आलं.

बाहेर अंगणात बायका मेलेल्यांच्या नावानं उकडलेले गहू वाटत होत्या. साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम, दालचिनी. तिची वहिनी देस्पिना आपली ताटली सावरत उभी होती. वहिनीचं वय पंचाहत्तर, कंबरेत वाकलेली, पण केस अजून काळ्या रुमालाखाली घट्ट बांधलेले.

"वहिनी, आज आजीचं नाव दोनदा आलं."

"एकदा."

"दोनदा. थेक्लाच्या आधी एकदा, नंतर एकदा."

देस्पिनानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "सकाळची गोळी घेतलीस ना गं?"

चौतीस वर्षं फालित्साच्या कुठल्याही बोलण्याला हेच उत्तर होतं. एकदा तिनं सांगितलं होतं, धुराड्यातून ठिणग्या पडतायत, तेव्हाही गोळी घेतलीस का असंच विचारलं होतं. अर्धं छप्पर जळाल्यावर गोळीचा विषय निघाला नाही.

मेणबत्त्या विकणारी वांगेलिओ सत्तरीची, जिभेला हाड नसलेली. तिला फालित्सानं हळूच विचारलं, "तू ऐकलंस का? गारुफालिया, दोन वेळा?"

"मी मेणबत्त्या बघू का नावं मोजू? आणि वाचलं असेल दोनदा, तर बिघडलं कुठं? आजीला डबल पुण्य!"

पण बिघडलं कुठं ते फालित्साला ठाऊक होतं. घराघरातून पाद्र्याकडे येणारा नावांचा कागद मधोमध दुमडलेला असतो. डावीकडे जित्यांची नावं, त्यांच्या आरोग्यासाठी. उजवीकडे वर छोटा क्रूस आणि खाली मेलेल्यांची. गावातल्या म्हाताऱ्या म्हणत, कुणाचा काटा काढायचा तर विष कशाला हवं? त्याचं नाव क्रुसाखाली लिहा, वर्षभरात वाळून जाईल. त्यांच्या घरचा कागद देस्पिना लिहीत असे. दरवेळी नवा, उपाशीपोटी, देवापुढचा दिवा लावून. नवस होता तिचा तो. दुसऱ्या कुणाला ती पेनसुद्धा धरू देत नसे.

फालित्सानं वाटीतले गहू तोंडाला लावले नाहीत. भिंतीपाशी जाऊन कबुतरांना टाकले आणि कबुतरं खाऊन उडतात की पडतात ते बघत उभी राहिली. उडाली. पण कबुतरांच्या नावाचा कागद थोडाच होता?

त्या संध्याकाळी ती जिन्यात उभी होती. खाली देस्पिना फोनवर बोलत होती, दबक्या आवाजात. बहिरट माणसाचा दबका आवाज म्हणजे गल्लीत ऐकू जाणारा.

"हो, डॉक्टरीणबाई. पुन्हा सुरू झालंय. नाव ऐकू येतं म्हणते... नाही, ओरडाआरडा नाही... मला नाही झेपत हो आता. या तुम्ही पुढच्या आठवड्यात बुधवारी, उपास लागल्यावर."

फालित्सानं कठडा धरला. पानगळीच्या दिवसांत डॉक्टरीणबाईंनी तिची महिन्याची सुई कमी केली होती. तुमच्या वयाला, तुमच्या मूत्रपिंडांना झेपत नाही म्हणाल्या होत्या. "पण आवाज परत आले तर लपवायचं नाही हं." देस्पिनाची मुलगी किरियाकी अथेन्सहून तेव्हाच म्हणाली होती, फोनचा आवाज मोठा करायला लावून, दोघींना ऐकू जाईल असा, "आत्या, हे पुन्हा सुरू झालं तर आई या वयात तुझं करणार नाही. बंदरावरच्या वृद्धाश्रमात जागा आहे. मी विचारून ठेवलंय." विचारून ठेवलंय! खाटेला खाट, भिंतीला पिवळा रंग. अकरा वर्षं तिनं तो पिवळा रंग पाहिला होता.

तर इथं मुरत होतं पाणी. क्रुसाखाली नाव, वर बुधवारी डॉक्टर. एका दगडात दोन पक्षी.

सोमवारी मॅकरोनी खारट. इतकी खारट की डोळ्यांत पाणी यावं. देस्पिना मात्र मान खाली घालून खात होती. फालित्सानं दोन घास घेतले आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. मिठाखाली कसलीही चव झाकता येते. त्या दिवसापासून तिनं स्वतः उकडलेली अंडीच खायला सुरुवात केली. अंड्यात कुणी काही घालू शकत नाही, ते देवानंच बंद केलेलं असतं.

"अंडी कसली खातेस सारखी? कोंबडी होशील," देस्पिना म्हणाली.

"होऊ दे. कोंबडीचं नाव कुणी कागदावर लिहीत नाही."

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

मंगळवारी गोळ्यांच्या डबीत सकाळच्या खणात दोन पांढऱ्या गोळ्या निघाल्या. एकीच्या जागी दोन. डबी देस्पिना भरायची, दर रविवारी, चष्मा लावून. फालित्सानं एक गिळली आणि दुसरी खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत पुरली. बुधवारी एकच. गुरुवारी पुन्हा दोन. मग ती दर सकाळी डबीचा खण उघडण्याआधी क्रूस काढू लागली. कुंडीत गोळ्या जमत होत्या. जिरेनियमकडेही तिचं बारीक लक्ष होतं. ते झोपाळू दिसतंय का, पानं पडतायत का.

कितीदा वाटलं, तोंडावर विचारावं. पण विचारलं की काय उत्तर येणार ते तिला पाठ होतं, आणि आता ते उत्तर बुधवारी डॉक्टरांच्या कागदावर चढलं असतं. तिच्या तोंडचं काहीच उपयोगाचं नव्हतं. हातात काहीतरी हवं होतं.

पुढच्या शनिवारी ती लवकर चर्चमध्ये गेली आणि डावीकडची पहिली खुर्ची धरून उभी राहिली, पाद्र्याच्या तोंडासमोर. डाव्या खिशात मूठभर सुके वाल. नाव आलं की एक वाल उजव्या खिशात. कानावर कुणाचा विश्वास नसला तरी वाल खोटं बोलत नाही.

पापा-स्टेलिओसनं घसा खाकरला आणि नावं सुरू केली. त्यांच्या घरचा कागद मध्यावर आला. तिला ओळ ओळखीची होती. आर्गिरिस, भाऊ. एक. मग आई, बाप. गारुफालिया. वाल. मग काका. आर्गिरिस. तिनं मान वर केली. गारुफालिया. दुसरा वाल. आर्गिरिस.

भावाचं नाव तीनदा. हे तिनं मनातसुद्धा आणलं नव्हतं. 'ते' कधी आर्गिरिसचं नाव घेत नसत. त्याच्यापुढे त्यांची हिंमत नव्हती.

दर शनिवारी चर्चमधल्या पितळी दिवट्या लिंबानं घासायचं काम फालित्साकडे होतं. लोक अंगणात गहू खात असताना तिनं बादली उचलली. वाचून झालेले कागद टोपलीत पडले होते. वांगेलिओ ते नंतर शेगडीत जाळायची.

"आज इतक्या घाईनं घासतेस? पाद्री पळून चालला का पितळ?" वांगेलिओ दारातून म्हणाली.

"पितळ काळं पडलंय."

"आपणही पडलोय बाई, आपल्याला कोण लिंबू लावतं!" वांगेलिओ ताटली घेऊन बाहेर गेली.

टोपलीत तो दिसला, चौकटीच्या वहीचा कागद. निळं पेन. अक्षरं मोठाली, चढावर चढणाऱ्या शेळ्यांसारखी वर वर जाणारी. फालित्सानं तो ओल्या फडक्याखाली घेतला आणि खांबामागे जाऊन उघडला.

उजवीकडे क्रुसाखाली आर्गिरिस तीनदा होता. गारुफालिया दोनदा. तिनं बरोबर ऐकलं होतं. ती खांबाला टेकली. बरोबर ऐकलं होतं! आता हा कागद घेऊन ती कुणाच्याही समोर उभी राहू शकत होती.

मग तिनं डावी बाजू पाहिली. जित्यांची.

गारुफालिया. सगळ्यांत वर, पोटच्या मुलीच्याही आधी. मग किरियाकी. मग पुन्हा गारुफालिया. आणि खाली, जोर देऊन लिहिलेलं, पेन कागदात रुतेल इतकं दाबून: आर्गिरिस.

संशय तिचा जुना सोबती, तो एवढ्यात हलणारा नव्हता. हीसुद्धा चाल असेल, तो म्हणाला. पण कुणाचं वाईट चिंतणारी बाई स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याला जित्यांत कशाला लिहील? मीठ दोनदा. गोळ्या दोनदा. नाव दोनदा. घरात सगळंच दोनदा होत होतं. वहिनीचा हात एकदा करून विसरत होता आणि पुन्हा करत होता.

जेवणानंतर देस्पिना चुलीपाशी वाल निवडायला बसली तेव्हा फालित्सानं कागद तिच्यापुढे ठेवला, वर चष्मा ठेवला.

देस्पिनानं वाचला. ओठ हलले. पुन्हा वाचला. तिचं बोट डावीकडच्या शेवटच्या नावावर थांबलं आणि तिथंच राहिलं.

"हे कुणी लिहिलं?"

"तुझं अक्षर आहे, वहिनी."

"माझं नाही." देस्पिनानं झटकन वर पाहिलं. तिचे डोळे बारीक झाले होते. "तू लिहिलंस. माझं अक्षर काढलंस. डॉक्टर यायच्या आत मला वेडी ठरवायची आहे तुला. मला काय समजत नाही?"

फालित्साला हे वाक्य ठाऊक होतं. शब्दन् शब्द. चौतीस वर्षं ती हेच वाक्य बोलत आली होती, याच स्वयंपाकघरात, याच खुर्चीकडे बघून. ते बोलताना आपल्याच पायाखालची फरशी कशी परकी होते, हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि समोरून "मी नाही लिहिलं" म्हटलं की ती आणखी परकी होते, हेही.

अशा वेळी वहिनी काय करायची? वाद घालायची नाही. काहीतरी हातात द्यायची.

"असेल," फालित्सा म्हणाली. "वाल निवडूया का? तुझ्या वाटणीत खडे राहिलेत."

"खडे नाहीत."

"बघ तरी."

दोघी निवडू लागल्या. दोन खडे निघाले. देस्पिनानं ते टेबलाच्या कडेला ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याचं ताट वाढलं होतं मी, परवा. तू अंडी उकडत होतीस. मग काढून ठेवलं." आणि लगेच, तिखट आवाजात, "पण कागद मी लिहिलेला नाही!"

"बरं."

कागद फालित्सानं एप्रनच्या खिशात ठेवला. चार रात्री तो तिच्या उशीखाली होता. जाळावा असंही वाटलं. दाखवला तर ती सुटणार होती, पण वहिनीचं काय? किरियाकी आईला अथेन्सला नेईल, घराला कुलूप, आणि आत्याला पिवळी भिंत. नाही दाखवला तर सुई वाढणार, पिवळी भिंत तशीही येणार. आणि गोळ्या? आज तिनं मोजून घेतल्या. उद्या वहिनी स्वतःच्या रक्तदाबाच्या दोनदा घेईल, तेव्हा कोण मोजणार?

बुधवारी डॉक्टरांची गाडी चढ चढून आली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ, बूट चिखलानं भरलेले. त्यांनी फाईल उघडली.

"गारुफालियाबाई, देस्पिनाबाई म्हणतात तुम्हाला नाव ऐकू येतं."

फालित्साचा हात खिशात होता. कागदाची घडी घामानं मऊ झाली होती. तिनं वहिनीकडे पाहिलं. देस्पिना ओट्याशी पाठमोरी उभी राहून कॉफी करत होती. तिनं भांड्यात साखर घातली, चमचा ठेवला, क्षणभर थांबली आणि पुन्हा चमचा उचलला. साखरेच्या डब्यावर तिचा हात थबकला. घातली की नाही? फालित्साला तिची नुसती मान दिसत होती, पण त्या मानेत सगळं दिसलं.

"घातलीस, वहिनी," ती हळूच म्हणाली.

देस्पिना वळली नाही. ओट्याकडे तोंड करूनच बोलली.

"दोनदा होतं, डॉक्टरीणबाई. तिनं बरोबर ऐकलं."

तिनं कॉफीचं भांडं खाली उतरवलं.

"कागदावरच दोनदा होतं. तिच्या खिशात आहे बघा, चार दिवस कुरवाळतेय. ती चुकली नाही. उगाच तिला टोचू नका." मग ती वळली, हनुवटी वर. "कुणी लिहिलं ते मला माहीत नाही. पण तिच्या कानाला दोष नाही."

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. डावी बाजू वाचताना त्यांनी पेन खाली ठेवलं. जिरेनियमच्या कुंडीतल्या गोळ्याही फालित्सानं उकरून दाखवल्या, मातीसकट, बशीत. सुई होती तेवढीच राहिली. गोळ्यांच्या डब्या आता बंदरावरचा औषधवाला दोघींच्याही भरून पाठवणार होता, चिकटपट्टी लावून. देस्पिनाला तपासणीला बोलावलं. तिनं ईस्टरनंतर बघू म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी ईस्टरआधीची तारीख लिहिली. किरियाकीला फोन त्या स्वतः करणार होत्या, आणि त्यातून पुढं काय निघणार हे त्यांनाही सांगता येईना. "दोघी मिळून एका धडधाकट बाईइतकं घर चालवत असाल," एवढंच त्या म्हणाल्या, "तर बघू किती दिवस चालतं ते."

जाताना कॉफी पिऊन त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. भली बाई. फालित्सानं आपल्या कपातली चाखली होती, पाकच होता.

उपासाच्या पहिल्या आठवड्यातला शनिवार हा मेलेल्यांचा तिसरा. आदल्या संध्याकाळी देस्पिनानं दिवा लावला, वही काढली आणि बराच वेळ पेन हातात धरून बसली. मग वही टेबलावरून सरकवली.

"तू लिही. मी सांगते."

फालित्सानं अंगठा आणि दोन बोटांत पेन घट्ट धरलं. अक्षरं थरथरत उमटली. आर्गिरिस, क्रुसाखाली, एकदा. ते लिहिताना दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. गारुफालिया, क्रुसाखाली, एकदा. मग डावी बाजू.

"आधी तुझं लिही," देस्पिना म्हणाली. "पहिलं नेहमी तुझंच असतं."

"मग तुझं."

"माझं मी कधी लिहिलं नाही. स्वतःसाठी काय मागायचं!"

"मी लिहितेय ना, तू थोडीच लिहितेस." देस्पिना, तिनं लिहिलं, डावीकडे.

"दाखव."

तिनं कागद वळवून दाखवला. देस्पिनानं चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, मागची कोरी बाजूही बघितली. "बरं. ठेव."

सकाळी चर्चमध्ये दोघी शेजारी उभ्या होत्या. पापा-स्टेलिओस मेलेल्यांची नावं भराभर वाचत होता. फालित्साच्या खिशात वाल नव्हते. तिला शेजारून कसलीशी बारीक हालचाल जाणवली. देस्पिना शालीखाली बोटं मोजत होती. एकेका नावाला एकेक बोट. मान पुढं, कान पाद्र्याकडे, डोळे बारीक केलेले.

नावं संपली. देस्पिना तिच्या कानाशी लागली.

"माझं नव्हतं ना त्यात?"

"नव्हतं."

"नक्की? मला मध्ये एकदा वाटलं."

"ती दुसरी देस्पिना, खालच्या गल्लीतली, गेल्या वर्षी गेली. एकदाच आलं."

देस्पिनानं तिच्याकडे संशयानं पाहिलं. फालित्सा शांतपणे मेणबत्तीची ज्योत बघत राहिली.

"गोळी घेतलीस ना गं, वहिनी, सकाळची?" तिनं विचारलं.

देस्पिनानं तिला कोपरानं ढोसलं, चांगलं जोरात. आणि मग बाहेर गहू घ्यायला जाताना पायरीवर तिचाच दंड धरला.